ऑस्ट्रियातल्या छोट्या गावात राहायला आलात? आधी गेमाइंडे समजून घ्या

व्हिएन्नातलं भाडं झेपेना म्हणून चार वर्षांपूर्वी आम्ही शहराच्या दक्षिणेला, रेल्वेलाइनवरच्या पाच-सहा हजार वस्तीच्या एका गावात राहायला आलो. पहिल्याच शनिवारी दुपारी बारा वाजता सायरन झाला. मी शेगडी बंद केली, मुलाला कडेवर घेतलं आणि धावत जिन्यात आले. शेजारच्या आजी कुंड्यांना पाणी घालत होत्या. माझा अवतार बघून म्हणाल्या, "झामश्टाग." म्हणजे शनिवार. बस, एवढाच खुलासा.

सायरन चालतोय ना हे बघायला दर शनिवारी बाराला तो पंधरा सेकंद वाजवतात. व्हिएन्नात हा प्रकार नसल्यामुळे आम्हाला पत्ताच नव्हता. पुढे चौकशी करताना कळलं की इथली आग विझवणारी माणसं पगारी नाहीत. कुणी सुतार, कुणी शिक्षक, कुणी बँकेत. अख्ख्या देशात पगारी अग्निशमन दल फक्त सहा शहरांत आहे, बाकी सगळीकडे स्वयंसेवक. आणि ही व्यवस्था उभी ठेवायची जबाबदारी गावाच्या स्थानिक कारभाराची, म्हणजे गेमाइंडेची. आपली ग्रामपंचायत किंवा नगरपालिका समजा.

तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं की व्हिएन्नात राहताना आपण या देशाचा एक मोठा भाग बघितलेलाच नाही. ऑस्ट्रियात सुमारे २,०९० गेमाइंडे आहेत आणि त्यातल्या बहुतेक छोट्या. नव्याने येणाऱ्या मराठी कुटुंबांनी मला जे विचारलं, आणि जे विचारायला हवं होतं पण विचारलं नाही, ते इथे क्रमाने लिहिते. मी नीडरऑस्टराइश या राज्यात राहते, त्यामुळे उदाहरणं इथली. नऊ राज्यांचे नियम तपशिलात वेगळे असतात, तेवढं आपल्या गावी विचारून घ्या.

पहिली पायरी: तीन दिवसांत नाव नोंदवा, आणि नीट नोंदवा

घरात सामान टाकल्यापासून तीन दिवसांच्या आत मेल्डेत्सेटल भरून द्यावा लागतो. साधा एक फॉर्म असतो. त्यावर घरमालकाची सही घ्यायची, पासपोर्ट घ्यायचा आणि गेमाइंडेच्या कचेरीत जायचं. पैसे लागत नाहीत. दहा मिनिटांत शिक्का मारलेला कागद हातात येतो. तो जपून ठेवा. बँक, शाळा, राहण्याचा परवाना, सगळीकडे तोच मागतात.

नावाच्या रकान्यात आपली हमखास पंचाईत होते. आपल्या पासपोर्टात बऱ्याचदा वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आपल्या नावालाच जोडलेलं असतं. इथे ते तुमचं दुसरं नाव समजलं जातं. दवाखान्यात माझ्या नवऱ्याच्या नावाने मला हाक मारलेली आहे. इलाज नाही. पासपोर्टात जसं आहे तसंच्या तसं सगळीकडे लिहा, एका ठिकाणी गाळून दुसरीकडे घालू नका.

आता खरी गोम. फॉर्मवर विचारतात, हा तुमचा हाउप्टवोनझिट्स की नेबेनवोनझिट्स? मुख्य पत्ता की दुय्यम? आम्ही इथेच गाढवपणा केला. व्हिएन्नाचा पत्ता बदलला तर परवान्याच्या कामात घोळ होईल असं कुणीतरी सांगितलं, म्हणून मुख्य पत्ता मित्राच्या घरचा ठेवला आणि इथे दुय्यम नोंदवला. सहा महिन्यांनी मुलाच्या बालवाडीसाठी गेलो तेव्हा यादीत आम्ही तळाशी. खिडकीमागच्या बाई हसून म्हणाल्या, "तुम्ही इथे अर्धेच राहता ना!" चूक सर्वस्वी आमची होती. आयुष्य जिथे चालतं तोच मुख्य पत्ता, असा कायद्याचा सरळ अर्थ आहे.

त्या बाईंच्या हसण्यामागे हिशेबही होता. केंद्र सरकार गोळा करतं त्या करांतला वाटा गेमाइंडेला मिळतो आणि तो ठरतो मुख्यतः डोक्यांवर, म्हणजे मुख्य पत्ता असलेल्या रहिवाशांवर. त्यासाठी दरवर्षी ३१ ऑक्टोबरचा आकडा धरतात. तुमचं नागरिकत्व कुठलं याच्याशी त्याचा संबंध नाही. सांगलीहून आलेलं चौघांचं कुटुंब म्हणजे गावाच्या खात्यात चार डोकी. शिवाय गावातली कंपनी तुम्हाला पगार देत असेल तर त्या पगाराच्या ३ टक्के इतका कर कंपनी गेमाइंडेला भरते. म्हणून कचेरीत जाताना उपकार मागायला आल्यासारखं जायचं कारण नाही.

दुसरी पायरी: कुठलं काम कुणाचं, हे आधी ओळखा

आपल्याकडे तलाठ्याचं काम ग्रामसेवकाकडे नेलं तर काय होतं ते ठाऊक आहे. इथे माणसं गोड बोलून परत पाठवतात, एवढाच फरक.

गेमाइंडेकडे काय काय असतं? पत्त्याची नोंद, पाणी, सांडपाणी, कचरा, बालवाडी, प्राथमिक शाळेची इमारत (शिक्षकांचा पगार मात्र राज्य देतं), गावचे रस्ते, दिवे, स्मशानभूमी, बांधकाम परवानगी, कुत्र्याचा कर, अग्निशमन दल.

तिच्या वर जिल्हा कचेरी. नाव लांबलचक आहे, बेत्सिर्क्सहाउप्टमानशाफ्ट. कुणीच ते पूर्ण उच्चारत नाही; सगळे 'बे-हा' म्हणतात. ड्रायव्हिंग लायसन्स तिथलं काम. (भारतीय लायसन्सवर मुख्य पत्ता झाल्यापासून सहा महिनेच गाडी चालवता येते. नंतर बदलून घ्यावं लागतं आणि त्यासाठी गाडी चालवून दाखवायची परीक्षा असते. सहावा महिना उजाडायची वाट बघू नका.) राहण्याच्या परवान्याचं कामही गेमाइंडेत होत नाही. बे-हाचा प्रमुख निवडून येत नाही, राज्य सरकार नेमतं. आपला कलेक्टर डोळ्यांसमोर आणा.

पंधरा शहरं अशी आहेत जिथे हे दोन्ही स्तर एकाच छताखाली येतात, कारण त्यांना स्वतःची सनद आहे. त्यात व्हिएन्ना, ग्राट्स, लिन्त्स अशी मोठी नावं आहेत, तशीच नॉयझिडल तळ्याकाठचं रुस्ट नावाचं जेमतेम दोन हजार वस्तीचं गावही आहे. इतिहासात मिळालेला मान इथे कुणी सहसा काढून घेत नाही. टिरोलमधलं राटेनबेर्ग चारशे-साडेचारशे माणसांचं, पण दर्जा शहराचा. तेव्हा 'शहर' हा शब्द ऐकून कचेरीत दहा खिडक्या असतील असं समजू नका.

आमच्या घरासमोर झेब्रा क्रॉसिंग हवं होतं. मी थेट नगराध्यक्षांना गाठलं. त्यांनी ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाले, "तो लांडेसश्ट्रासे आहे." म्हणजे राज्याचा रस्ता. गावाच्या मधोमध जात असला तरी त्याच्यावर गेमाइंडेचा हुकूम चालत नाही. तो विषय बे-हाकडे. गेमाइंडे फार तर पत्र लिहिते. मागच्या गल्लीत, म्हणजे गावाच्या स्वतःच्या रस्त्यावर, ताशी ३० किलोमीटरची पाटी लावायची असेल तर ती गेमाइंडे लावू शकते, आणि जुलै २०२४ पासून शाळा-बालवाड्यांच्या आसपास ते आणखी सोपं झालंय. तक्रार लिहायच्या आधी रस्ता कुणाचा ते विचारा. माझे दोन महिने वाया गेले, तुमचे वाचतील.

तिसरी पायरी: कचेरीची वेळ

कचेरीच्या दारावर लिहिलेलं असतं 'पार्टायेनफेरकेअर' आणि खाली वेळा. मला तेव्हा येणाऱ्या जर्मनमध्ये पार्टाय म्हणजे राजकीय पक्ष आणि फेरकेअर म्हणजे रहदारी. मंगळवारी सकाळी पक्षाच्या कार्यकर्त्यांची रहदारी असते, आपण कशाला कडमडायचं, म्हणून मी चक्क बुधवारी गेले. दार बंद. खरं तर तिथे पार्टाय म्हणजे काम घेऊन आलेला माणूस, पक्षकार या अर्थी. तीच वेळ तुमची.

छोट्या गावात ही वेळ साधारण सकाळची असते आणि आठवड्यातून एखाद्या दिवशी संध्याकाळी. शुक्रवारी दुपारी जाऊ नका. नगराध्यक्षांना भेटायची वेळ वेगळी लिहिलेली असते. फोन करून ठरवलेली बरी, कारण छोट्या गावांत बऱ्याच नगराध्यक्षांचा दुसरा पोटापाण्याचा धंदा असतो.

बोलायची रीत सांभाळा. 'ग्र्युस गॉट' म्हणून आत शिरायचं, 'झी' म्हणजे आदरार्थी बोलायचं, आणि पद ठाऊक असेल तर पदाने हाक मारायची: हेअर ब्युर्गरमाइस्टर (नगराध्यक्ष), फ्राउ आम्ट्सलाइटेरिन (कचेरीच्या प्रमुख बाई). पदव्यांचं इथे कौतुक फार, अगदी आपल्या जुन्या रावसाहेब-रावबहादुरांइतकं. समोरच्याने 'डू' वर यायचं सुचवलं की मग अरे-तुरे. आपण होऊन नको.

चौथी पायरी: माणसं ओळखा

गेमाइंडेराट म्हणजे नगरपरिषद. नीडरऑस्टराइशमध्ये लोकसंख्येनुसार १३ पासून सभासद असतात. पाच ते सात हजार वस्तीच्या गावात २९. त्यांच्यातून एक छोटं मंडळ निवडतात, शहराचा दर्जा असेल तर त्याला श्टाटराट म्हणतात. आपल्या स्थायी समितीसारखं. त्यातल्या एकेकाकडे शाळा, रस्ते, संस्कृती अशी खाती असतात.

एक गोष्ट आपल्या डोक्यात बसायला वेळ लागतो. इथे वॉर्ड नाहीत. 'आमचा नगरसेवक' असं कुणी नसतं. पक्षाची यादी असते, मतांच्या प्रमाणात जागा मिळतात. त्यामुळे गटार तुंबलं तर गल्लीतल्या नगरसेवकाच्या घरी जायची सोय नाही; ज्याच्याकडे ते खातं त्याला किंवा कचेरीला कळवायचं. आसपासच्या वाड्या गेमाइंडेत सामील असतील तर तिथे बऱ्याचदा ओर्ट्सफोरश्टेअर नेमलेला असतो, तो मात्र अगदी आपल्या पोलीस पाटलासारखा घरचा माणूस.

आम्ट्सलाइटर हा कचेरीचा प्रमुख, निवडून न आलेला. नगरपालिकेचा मुख्याधिकारी म्हणा. नगराध्यक्ष बदलतात, हा राहतो. माझा अनुभव विचाराल तर पहिली ओळख याच्याशी करून घ्या. कुठला अर्ज कुठे अडतो हे त्यालाच माहीत असतं.

आणि ब्युर्गरमाइस्टर, म्हणजे नगराध्यक्ष. याचं वजन आपल्या कल्पनेपेक्षा जास्त. बांधकामाची परवानगी पहिल्या पायरीवर हाच देतो, सहीच त्याची. तुमच्या शेजारच्या प्लॉटवर तीन मजली इमारत येणार की नाही याचा जमीन-वापराचा आराखडा गेमाइंडेराट ठरवते, आणि त्या आराखड्यातून घराची परवानगी नगराध्यक्ष देतो. तोच माणूस आजींच्या ऐंशीव्या वाढदिवसाला फुलं घेऊन दारात उभा असतो. यात ताकद आहे तशी गैरसोयही आहे, कारण ज्याला नाही म्हणायचं तो रोज बेकरीत भेटतो.

वजन किती आणि कुठे संपतं हे टिरोलमधल्या वोर्गलने १९३२ सालीच दाखवून दिलं. मंदीत गावातले लोक बेकार. नगराध्यक्ष मिखाएल उंटरगुगेनबेर्गर यांनी गावाच्याच नोटा छापल्या. दर महिन्याला नोटेच्या एक टक्का किमतीचं तिकीट चिकटवलं नाही तर ती चालायची नाही, त्यामुळे लोक पैसा दाबून न ठेवता पटापट खर्च करू लागले. त्या पैशातून रस्ते झाले, पूल झाला. नोटा छापायचा हक्क आपला म्हणून राष्ट्रीय बँकेने सप्टेंबर १९३३ मध्ये तो प्रयोग बंद पाडला.

बायकांनी हे पद मिळवायला वेळ लागला. पहिली स्त्री नगराध्यक्ष १९४८ मध्ये झाली, त्सेन्त्सी होल्त्सल, तीही आमच्याच राज्यातल्या ग्लॉगनिट्समध्ये. झेमरिंगची घाटातली रेल्वे जिथून चढायला लागते ते गाव. अजूनही बाईला या खुर्चीत बघायचं तर बरीच गावं पालथी घालावी लागतात.

पाचवी पायरी: निवडणूक कशी चालते ते बघा

नगराध्यक्ष थेट लोकांनी निवडायचा की सभासदांनी, हा वाद आपल्याला नवा नाही. महाराष्ट्रात सरपंच २०१७ मध्ये थेट निवडायला लागले, २०२० मध्ये ते रद्द झालं, २०२२ मध्ये परत आलं. ऑस्ट्रियात हे राज्यागणिक आहे. बुर्गेनलांड, केर्न्टन, ओबरऑस्टराइश, झाल्त्सबुर्ग, टिरोल आणि फोरआर्लबेर्ग या सहा राज्यांत लोक थेट निवडतात. आमच्याकडे आणि श्टायरमार्कमध्ये परिषदच निवडते. मुदतही वेगळी: केर्न्टन, ओबरऑस्टराइश आणि टिरोलमध्ये सहा वर्षं, बाकीच्यांकडे पाच.

आमच्याकडे शेवटची निवडणूक २६ जानेवारी २०२५ ला झाली. त्याआधी दोन आठवडे पत्रपेटीत एक कागद आला. पक्षाचं नाव, खाली एका उमेदवाराचं नाव, गोल आणि त्यात आधीच फुली. मला वाटलं आपल्याकडे वाटतात तशी मतदार चिठ्ठी असेल. शेजाऱ्यांनी सांगितलं, ही खरी मतपत्रिका आहे! पक्षाने स्वतः छापलेली. घरून आणायची, केंद्रावर पाकिटात घालायची, ती वैध धरतात. नीडरऑस्टराइशमध्ये हे चालतं, आणि त्यात पक्षापेक्षा नावाला मान: तुम्ही लिहिलेला उमेदवार ज्या यादीतला, तिकडे मत जातं. आपल्या मतदान यंत्रावर वाढलेल्या माणसाला हे बघून घाम फुटतो. टीका इथेही होते, पण पद्धत टिकून आहे, कारण छोट्या गावात लोक पक्षापेक्षा माणसाला मत देतात, आणि प्रत्येक उमेदवाराला स्वतःच्या नावाचे कागद वाटायला आवडतात.

फोरआर्लबेर्गमधल्या काही चिमुकल्या गावांत तर याद्याच नसतात. कोऱ्या कागदावर लोक आपल्याला हवी ती नावं लिहितात, आणि ज्याने उभं राहायचा विचारही केला नाही तो निवडून येतो.

पक्षांची नावं रंगांनी घेतात. काळे म्हणजे ओ-फाउ-पे (परंपरावादी), लाल म्हणजे एस-पे-ओ (समाजवादी), निळे म्हणजे एफ-पे-ओ (कडवे उजवे), हिरवे ते हिरवेच, गुलाबी म्हणजे निओस (उदारमतवादी). त्याखेरीज गावापुरत्या नागरिकांच्या याद्या असतात आणि अनेक ठिकाणी त्याच भारी पडतात. देशाच्या पातळीवरची भांडणं गावात जशीच्या तशी उतरतात असं समजू नका. आमच्याकडे काळे आणि लाल पोहण्याच्या तलावाच्या दुरुस्तीवर एका बाजूला होते.

मत कुणाला?

ऑस्ट्रियन नागरिकांना सोळाव्या वर्षापासून, आणि युरोपियन युनियनच्या इतर देशांच्या नागरिकांनाही गावच्या निवडणुकीत. भारतीय पासपोर्टवर नाही, कितीही वर्षं राहा. व्हिएन्नाने एकदा परदेशी रहिवाशांना निदान उपनगरांच्या पातळीवर मत द्यायचं ठरवलं होतं. २००४ मध्ये घटना न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं. आमच्या राज्यात पूर्वी दुय्यम पत्त्यावरही मत देता यायचं, आता फक्त मुख्य पत्त्यावर.

नागरिकत्व घ्यायचं तर साधारण दहा वर्षांचा वैध रहिवास लागतो आणि भारतीय नागरिकत्व सोडावं लागतं. तो घरात बसून करायचा विचार आहे, इथे त्यावर लिहीत नाही. पण घरात कुणी जर्मन किंवा पोलिश जोडीदार असेल तर त्याचं नाव मतदारयादीत आहे का ते जरूर बघा. अनेकांना आपल्याला मत आहे हेच माहीत नसतं.

सहावी पायरी: एकदा तरी सभेला जा

परिषदेची सभा सगळ्यांना खुली असते. सगळ्यांना म्हणजे तुम्हालाही. तारीख आणि विषयपत्रिका कचेरीबाहेरच्या काचेच्या फलकावर लागते, त्याला आम्ट्सटाफेल म्हणतात. आता ती गेमाइंडेच्या वेबसाइटवरही असते. दूध आणायला जाताना त्या फलकासमोर दोन मिनिटं थांबायची सवय लावा. रस्ता खोदणार, पाण्याचा दर वाढणार, आराखडा बदलणार, सगळं आधी तिथे दिसतं.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा मागे सहा खुर्च्या मांडलेल्या, त्यातल्या पाच रिकाम्या. सहाव्यावर एक निवृत्त गृहस्थ, मांडीवर वही. नगराध्यक्ष विषय वाचत होते, हात वर होत होते, 'आइनश्टिमिग' म्हणजे एकमताने, पुढचा विषय. सांडपाण्याच्या वाहिनीचं लाखो युरोंचं कंत्राट तीन मिनिटांत मंजूर. मग नदीकाठचं एक बाक हलवायचं की नाही यावर चाळीस मिनिटं. एक सभासद म्हणाली तिथे संध्याकाळी पोरं दंगा करतात. दुसरा म्हणाला आम्हीही तिथेच केला होता. हशा. शेवटी बाक तसंच राहिलं. त्या गृहस्थांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, कंत्राटावर कमिटीत भांडून झालेलं असतं, बाकावर नाही.

प्रेक्षकांना बोलता येत नाही, हे लक्षात ठेवा. मध्येच उठून प्रश्न विचारायची ग्रामसभेची सवय इथे चालत नाही. आणि कर्मचाऱ्यांचे वगैरे विषय आले की बाहेर जायला सांगतात. वाईट वाटून घेऊ नका. पण दुसऱ्या दिवशी बेकरीत चार लोक तुम्हाला नमस्कार करतात. काल सभेला आलेल्या त्या बाई, अशी ओळख होते. मत नसलेल्या माणसाला याहून स्वस्तात ओळख मिळत नाही.

विषयपत्रिकेवर गमतीही असतात. ओबरऑस्टराइशमधल्या टार्सडोर्फच्या परिषदेने २०२० मध्ये आपल्या एका वाडीचं नाव बदललं. शतकानुशतकं चालत आलेलं नाव, पण इंग्रजीत ती सणसणीत शिवी होत होती, आणि पर्यटक पाट्या चोरून कंटाळत नव्हते. १ जानेवारी २०२१ पासून ती वाडी फुगिंग झाली. नाव बदलायचं म्हटलं की आपल्याकडे किती वर्षं लागतात ते आठवा.

हालश्टाटला फिरायला जाणारी मराठी मंडळी खूप. तलावाकाठच्या त्या साडेसातशे वस्तीच्या गावात टूरच्या बसेसना २०२० पासून आधी वेळ आरक्षित करावी लागते, आणि २०२३ मध्ये सेल्फीच्या आवडत्या जागेसमोर गेमाइंडेने काही दिवस लाकडी कुंपणच घातलं होतं. हे राजधानीतून आलेले हुकूम नव्हते.

सातवी पायरी: माहिती मागा, पत्रं उघडा

ऑस्ट्रियात शंभरेक वर्षं कचेरीतली गोष्ट गुप्त ठेवणं हा घटनेतला नियम होता. १ सप्टेंबर २०२५ पासून तो गेला आणि माहिती स्वातंत्र्याचा कायदा लागू झाला. आपल्या २००५ च्या माहिती अधिकाराची आठवण येईलच. आपल्याकडे हक्क नागरिकांना आहे. इथे तो कुणालाही आहे, म्हणजे तुम्हालाही. साध्या ईमेलवर विचारता येतं, चार आठवड्यांत उत्तर द्यायचं असतं. पाच हजारांपेक्षा लहान गावांना माहिती आपणहून प्रसिद्ध करायची सक्ती नाही, पण विचारलं तर सांगावी लागते. आधी फोन करून विचारा, बहुतेकदा तेवढ्यावर भागतं. अर्ज हे हत्यार आहे, पहिल्या भेटीत बाहेर काढू नये.

पत्रं मात्र गांभीर्याने घ्या. पोस्टमनने दारावर पिवळी चिठ्ठी ठेवली असेल तर पोस्टात पत्र पडलेलं आहे. तुम्ही ते आणायला गेला नाहीत तरी ज्या दिवसापासून ते तिथे उपलब्ध झालं त्या दिवशी तुम्हाला मिळालं असं धरतात आणि मुदतीचं घड्याळ सुरू होतं. दिवाळीला भारतात गेलो होतो, हे कारण सहजासहजी चालेल असं धरून चालू नका; मोठ्या रजेआधी शेजाऱ्याला किंवा पोस्टाला सांगून ठेवा.

घर विकत घेतलेलं असेल आणि शेजारी बांधकाम करणार असेल तर तुम्हाला पत्र येतं. त्यात तुम्ही 'पार्टाय' असता, तोच दारावरचा शब्द. हरकत घ्यायची तर पत्रात दिलेल्या मुदतीत लेखी घ्या. ती टळली की तुमचा आवाज संपला. आणि स्वतः बागेत शेड, कुंपण, कारसाठी छप्पर असं काही उभारणार असाल तर खिळा ठोकायच्या आधी बांधकाम विभागात जाऊन विचारा. 'एवढंसं तर आहे' हा आपला युक्तिवाद तिथे टिकत नाही.

रोजचं थोडं

कचऱ्याचं कॅलेंडर फ्रिजवर लावा. पिवळ्या पिशवीत आता प्लॅस्टिकबरोबर धातूचे डबेही जातात. पेयांच्या प्लॅस्टिक बाटल्या आणि कॅनवर २५ सेंट अनामत असते, त्या दुकानात परत करायच्या. जुना फ्रिज, फर्निचर, रंगाचे डबे वस्तू-संकलन केंद्रात. तिथला माणूस डब्यात डोकावून बघतो, चुकीचं टाकलं तर काढायला लावतो.

घर तुमचं असेल तर समोरच्या फुटपाथवरचा बर्फ सकाळी सहा ते रात्री दहापर्यंत साफ ठेवणं तुमच्याकडे. कुणी घसरून पडलं तर प्रश्न तुम्हाला विचारतात. भाड्याने राहत असाल तर करारात बघा. रविवारी गवत कापायचं यंत्र लावू नका, ड्रिल तर नाहीच.

बालवाडीचं नाव लवकर घाला. शाळेआधीचं शेवटचं वर्ष सक्तीचं आहे. आमच्या राज्यात २०२४ पासून दोन वर्षांच्या मुलांनाही घेतात, सकाळची वेळ मोफत, दुपारनंतरच्या देखरेखीला पैसे. जागा किती आहेत हे परिषदच ठरवते, म्हणून बालवाडीवर चर्चा असेल त्या सभेला तरुण आई-बाप जास्त दिसतात.

फॉयरवेअरचा, म्हणजे अग्निशमन दलाचा, उन्हाळ्यात मेळा असतो. जा. त्यातून दलाच्या खर्चाला हातभार लागतो आणि गावातली सगळी पदं तिथे एप्रन बांधून बिअर भरत असतात. शाकाहारी असाल तर बटाट्याच्या काड्या आणि लांगोश नावाची लसूण लावलेली तळलेली पोळी मिळते. आपल्या भटुऱ्याची लांबची बहीण. झेब्रा क्रॉसिंगचं पत्र बे-हाकडे गेलं का, हे मला कचेरीत नव्हे, लांगोशच्या रांगेत कळलं. गेलं होतं. अजून उत्तर यायचंय.

गाव सोडताना नाव काढणंही तीन दिवसांतलं काम आहे. ऑस्ट्रियातच दुसरीकडे जात असाल तर नव्या गावच्या कचेरीतच जुनी नोंद काढून देतात. देश सोडणार असाल तर विमान पकडायच्या आधी स्वतः जाऊन आबमेल्डुंगचा, म्हणजे नाव काढल्याचा, कागद घ्या, आणि निघताना त्यांना सांगा की पाण्याचं शेवटचं बिल कुठल्या पत्त्यावर पाठवायचं.